कमी खर्चात घरासाठी सुरक्षा कॅमेरे निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरासाठी कॅमेरे घ्यायचे आहेत, पण खर्च मर्यादेत ठेवायचा आहे, अशा वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. घराला किती कॅमेरे लागतात?

चार किंवा आठ कॅमेऱ्यांचे तयार संच विकले जातात म्हणून आपल्यालाही तेवढेच लागतात, असे नाही. घरात शिरण्याच्या वाटा कागदावर मांडाव्यात आणि येणाऱ्या माणसाला ज्या अरुंद जागेतून जावेच लागते ती जागा शोधावी. मुख्य दार, फाटक, जिन्याचे वळण किंवा मागील दाराकडचा बोळ ही अशी ठिकाणे असतात. बहुतेक लहान घरांत अशा जागा एक किंवा दोनच निघतात. तेथे चेहरा ओळखू येईल असा कॅमेरा बसला, तर बाकीच्या भिंतींवर कॅमेरे नसले तरी फारसे बिघडत नाही. उलट चारही कोपऱ्यांतून अंगण दाखवणारे पण एकाही चेहऱ्याची ओळख न पटवणारे चार कॅमेरे हा या विषयातला सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारा अपव्यय आहे.

२. कॅमेरा लावल्यावर चोरी होत नाही का?

कॅमेरा पाहून काही जण मागे फिरतात, काही जण तोंड झाकून पुढे येतात. दाराची कडी कच्ची असेल, खिडकीचे गज हलत असतील किंवा अंगणात दिवाच नसेल, तर आधी ते दुरुस्त करावे आणि मग कॅमेऱ्याकडे वळावे. नुसते दिखाऊ, नकली कॅमेरे लावण्याचा सल्ला आम्ही देत नाही; प्रसंग घडल्यावर त्यातून काहीही हाती लागत नाही.

३. डीव्हीआर, एनव्हीआर आणि वायफाय कॅमेरा यांत नेमका फरक काय?

डीव्हीआर पद्धतीत कॅमेरे को-ॲक्सियल केबलने (केबल टीव्हीला असते तशा वायरने) रेकॉर्डरला, म्हणजे चित्रीकरण साठवणाऱ्या पेटीला, जोडलेले असतात आणि चित्राचे डिजिटल रूपांतर रेकॉर्डरमध्ये होते. कॅमेरे स्वस्त असतात, जोडणी सरळ असते आणि घरातल्या वायफायशी चित्रीकरणाचा संबंध नसतो. मात्र प्रत्येक कॅमेऱ्याला सहसा वीजपुरवठ्याची वेगळी वायर न्यावी लागते.

एनव्हीआर पद्धतीत कॅमेरा स्वतःच चित्राचे डिजिटल रूप तयार करून नेटवर्क केबलमधून पाठवतो. पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) असलेला संच घेतला तर त्याच केबलमधून वीजही जाते. पीओईच्या नेहमीच्या ८०२.३एएफ मानकानुसार पोर्टमधून १५.४ वॅटपर्यंत वीज मिळते, जी साध्या घरगुती कॅमेऱ्याला पुरेशी असते, आणि केबलची लांबी १०० मीटरपर्यंत चालते. भिंती उघड्या असताना, म्हणजे घराचे बांधकाम किंवा रंगकाम चालू असताना, ही केबल टाकून ठेवणे हा पुढील अनेक वर्षांचा खर्च वाचवणारा निर्णय आहे. केबल घेताना ती शुद्ध तांब्याची आहे का ते पाहावे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण लांब अंतरावर तिच्यात व्होल्टेज जास्त पडते आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू होऊ लागतो. दोष कॅमेऱ्याचा समजून लोक कॅमेराच बदलतात.

वायफाय कॅमेरा बसवायला सर्वांत सोपा आणि एक-दोन जागांसाठी सर्वांत स्वस्त. तीनपेक्षा जास्त कॅमेरे, जाड भिंती किंवा राउटरपासून दूरची जागा असेल, तर ही सोय हळूहळू डोकेदुखी होते. स्वस्त वायफाय कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. ही लहर भिंतीतून बऱ्यापैकी जाते, पण आसपासच्या घरांतील राउटरही त्याच पट्ट्यात गर्दी करून असतात. खरेदीआधी मोबाइल घेऊन नियोजित जागी उभे राहावे आणि दार बंद करून तेथे व्हिडिओ अडखळतो का ते पाहावे. मोबाइल अडखळला तर कॅमेराही अडखळणार, असे धरून चालावे.

४. घरात जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्यांच्या केबल आहेत. सगळे उखडून टाकावे लागेल का?

नाही, आणि ती केबल चांगल्या स्थितीत असेल तर अजिबात उखडू नये. एचडी-टीव्हीआय, एचडी-सीव्हीआय आणि एएचडी या पद्धती त्याच को-ॲक्सियल केबलवरून १०८०पी (सुमारे २ मेगापिक्सेल) किंवा त्याहून स्पष्ट चित्र आणतात. अनेक नवे रेकॉर्डर या तिन्ही पद्धतींसह जुने ॲनालॉग कॅमेरेही ओळखतात, त्यामुळे आधी रेकॉर्डर बदलून मग एकेक कॅमेरा सवडीने बदलता येतो. मर्यादित पैशांत जुनी व्यवस्था सुधारण्याचा हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे. गंजलेली टोके तेवढी कापून नवी लावून घ्यावीत.

५. ‘वायरलेस’ कॅमेऱ्याला वायर लागतच नाही ना?

बहुतेक ‘वायरलेस’ कॅमेऱ्यांत फक्त चित्र वायरशिवाय जाते. वीज मात्र ॲडॉप्टरमधूनच येते. म्हणजे जवळ प्लग हवाच. खरोखर वायरविरहित असतात ते बॅटरीवरचे कॅमेरे, आणि त्यांची कार्यपद्धती वेगळी असते. बॅटरी वाचवण्यासाठी ते झोपलेले असतात, उष्णतेची हालचाल टिपणाऱ्या पीआयआर संवेदकाने जागे होतात आणि मग चित्रीकरण सुरू करतात. जागे होण्यात थोडा वेळ जातो, त्यामुळे झपाझप चालत गेलेल्या माणसाची पाठच हाती लागते, अशी तक्रार नेहमी येते. वर्दळ जास्त असेल तर बॅटरीही जाहिरातीत सांगितलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी संपते. वर्दळ नसलेल्या, वीज नेणे अशक्य असलेल्या जागेसाठी ते योग्य आहेत. मुख्य दारासाठी शक्यतो विजेवर चालणाराच कॅमेरा घ्यावा.

६. किती मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यावा?

हा प्रश्न ‘किती अंतरावरचा चेहरा ओळखायचा आहे?’ असा विचारला तर उत्तर मोजून काढता येते. चित्रपाळतीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत त्यासाठी पिक्सेलच्या, म्हणजे चित्र ज्यांनी बनते त्या ठिपक्यांच्या, घनतेचे टप्पे दिले होते. अनोळखी माणसाची निःसंशय ओळख पटण्यासाठी दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीत २५० पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी १२५ आणि कोणीतरी आहे एवढे कळण्यासाठी २५ पिक्सेल लागतात.

१०८०पी, म्हणजे सुमारे २ मेगापिक्सेल चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. १९२० ला २५० ने भागले की ७.७ मीटर येतात. दृश्य याहून रुंद झाले की अनोळखी चेहऱ्याची खात्री देता येत नाही. घरगुती कॅमेऱ्यांत सर्रास असणारी २.८ मिलिमीटरची रुंद कोनाची लेन्स सुमारे ३ मीटर अंतरावरच एवढी रुंदी व्यापते. त्यामुळे अंगणाच्या टोकाला, ८-१० मीटरवर असलेल्या फाटकातून कोण आले ते या कॅमेऱ्यात ‘दिसते’, पण ‘ओळखू येत नाही’. मोबाइलवर दोन बोटांनी चित्र मोठे केल्यावर चेहऱ्याच्या जागी केवळ चौकोनी ठिपके दिसतात ते यामुळेच. चित्रात नसलेला तपशील मोठे केल्याने निर्माण होत नाही.

यावर दोन उपाय आहेत. ३८४० पिक्सेल रुंदीचा ४के कॅमेरा घेतला तर तेच अंतर सुमारे ६ मीटर होते, पण कॅमेरा, साठवण आणि रेकॉर्डर असे सगळेच महाग होते. दुसरा उपाय लेन्सचा आहे आणि तो जवळपास फुकट असतो (प्रश्न ७ पाहा). मर्यादित खर्चात आमचा कौल दारासाठी चांगल्या प्रतीच्या २ ते ४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याला आहे. लहान संवेदकावर ८ मेगापिक्सेल कोंबलेल्या स्वस्त कॅमेऱ्याचे चित्र दिवसा मोहक आणि रात्री चिखल झालेले असते. काही स्वस्त कॅमेरे कमी पिक्सेलचे चित्र ताणून मोठा आकडा दाखवतात. म्हणून वेष्टनावरील मेगापिक्सेलऐवजी तपशीलपत्रकातील संवेदकाचा आकार आणि त्याचे प्रत्यक्ष पिक्सेल पाहावेत.

७. २.८, ४ आणि ६ मिलिमीटर लेन्सपैकी कोणती निवडावी?

आकडा लहान तितका कोन रुंद आणि चेहरा लहान. १०८०पी कॅमेऱ्यात प्रश्न ६ मधील अनोळखी चेहरा ओळखण्याचे अंतर ढोबळमानाने २.८ मिमीला ३ मीटर, ४ मिमीला ४ मीटर आणि ६ मिमीला ७-८ मीटर येते. खोली किंवा व्हरांडा यांना २.८, तर फाटक किंवा लांब बोळ यांना ४ किंवा ६ योग्य ठरते. एकाच मॉडेलच्या निरनिराळ्या लेन्सच्या किमतीत बहुधा फरक नसतो, पण न विचारता घेतले तर हाती २.८ मिमीच पडते.

८. दिवसा चित्र छान, रात्री मात्र काहीच कळत नाही. असे का?

काळोखात बहुतेक कॅमेरे इन्फ्रारेड दिवे लावून कृष्णधवल चित्र घेतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे दूरवर पोचतात, पण जवळून लालसर ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचे डोळ्यांना दिसत नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी असतो. पत्रकातला ‘३० मीटर रात्रदृष्टी’ हा आकडा काहीतरी हलल्याचे कळण्याइतका असतो, चेहऱ्यासाठी नव्हे.

रात्रीच्या बिघाडाची तीन कारणे आम्हाला वरचेवर दिसतात. पहिले, जवळची भिंत किंवा छज्जा चौकटीत आल्याने इन्फ्रारेड प्रकाश तेथूनच परततो, कॅमेरा स्वतःला मंद करून घेतो आणि अंगण काळे पडते. कॅमेरा थोडा वळवला की हे सुटते. दुसरे, अंधारात जास्त उजेड गोळा करण्यासाठी शटर मंद होते आणि चालणारा माणूस धुराच्या पट्ट्यासारखा पुसट उमटतो. स्थिर अंगणाचे चित्र तेव्हाही सुरेख दिसत असल्याने ही खोट खरेदीच्या वेळी लक्षात येत नाही. सेटिंगमध्ये शटरची किमान मर्यादा १/५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवून कोणालातरी कॅमेऱ्यासमोरून चालायला सांगावे आणि चित्र थांबवून चेहरा पाहावा. तिसरे कारण कोळ्याचे. दिव्यांच्या उबेला आणि त्यावर येणाऱ्या किड्यांना भुलून कोळी नेमका लेन्ससमोर जाळे विणतो. इन्फ्रारेडमध्ये त्याचा एकेक धागा पांढऱ्याशुभ्र दोरखंडासारखा चमकतो, वारा आला की झुलतो आणि रात्रभर हालचालीच्या सूचना येत राहतात. आठवड्याला एकदा मऊ कुंचा फिरवणे पुरते.

खरेदी करताना लेन्सचा एफ-आकडा पाहावा. तो जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो, एफ/१.० ची लेन्स एफ/२.० च्या चौपट उजेड घेते. पण या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे दारावर हालचालीने लागणारा साधा एलईडी दिवा.

९. कॅमेरा किती उंचीवर बसवावा?

सुमारे अडीच ते तीन मीटर. त्याहून वर नेल्यास टोप्या आणि डोक्यांचे माथेच चित्रित होतात, खाली ठेवल्यास हात पोचतो. दारामागून प्रखर उजेड येत असेल आणि चेहरे काळे पडत असतील, तर डब्ल्यूडीआर (एकाच चित्रात प्रखर उजेड आणि सावली दोन्ही सांभाळणारी सोय) असलेला कॅमेरा घ्यावा. पत्रकात १२० डेसिबल असा आकडा असेल तर तो प्रत्यक्ष डब्ल्यूडीआर असण्याची शक्यता अधिक. ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ हा केवळ चित्र उजळण्याचा प्रकार असतो. पावसाच्या माऱ्यात बसवायचा असेल तर धूळ-पाणी रोखण्याचा आयपी६६ किंवा आयपी६७ दर्जा हवा आणि केबलचा जोड जलरोधक डबीत हवा, कारण पाणी कॅमेऱ्यात शिरण्याआधी जोडात शिरते.

१०. किती दिवसांचे रेकॉर्डिंग राहील, हे कसे काढावे?

कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे तो दर सेकंदाला किती माहिती साठवतो ते, कळला की हे गणित सोपे आहे. २ मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी जागा घेतो. असे चार कॅमेरे ८६.४ जीबी घेतात, म्हणजे २ टीबीच्या डिस्कवर सुमारे २३ दिवस मावतात. १२८ जीबीच्या कार्डावर एका कॅमेऱ्याचे जेमतेम सहा दिवस राहतात. चित्रफीत आक्रसून साठवण्याची एच.२६५ पद्धत तेवढ्याच दर्जासाठी एच.२६४ च्या सुमारे निम्मी जागा घेते. फ्रेमचा वेग २५ वरून १२-१५ वर आणल्यानेही जागा वाचते आणि घरगुती कामात काही अडत नाही. प्रवासाहून परतल्यावर प्रकार लक्षात येईल एवढे दिवस राखून ठेवावेत.

११. मेमरी कार्ड, हार्ड डिस्क की क्लाउड? दरमहा वर्गणी टाळता येते का?

टाळता येते, पण ते खरेदीआधी ठरवावे लागते. कॅमेरा स्वस्त देऊन वर्गणीतून पैसे वसूल करणारे संच असतात. वर्गणी न भरल्यास त्यांतले काही फक्त थेट दृश्य दाखवतात, मागचे चित्रीकरण दाखवत नाहीत. वेष्टनावर ‘स्थानिक साठवण’ लिहिलेले असले तरी माणूस ओळखणे किंवा चित्रफीत उतरवून घेणे वर्गणीविना चालते का, हे स्वतंत्रपणे विचारावे. किंमत मोजताना तीन वर्षांची वर्गणी धरूनच तुलना करावी. बहुतेक वेळा ‘महाग’ वाटलेला रेकॉर्डर स्वस्त ठरतो.

कार्ड घ्यायचे तर ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचे घ्यावे. साधे कार्ड सततच्या लेखनाने झिजते आणि बऱ्याचदा मुकाट्याने बंद पडते. शिवाय चोर कॅमेराच उपटून नेतो तेव्हा पुरावाही त्याच्यासोबत जातो. रेकॉर्डरसाठी सतत लेखनाकरिता बनवलेली सर्व्हिलन्स डिस्क घ्यावी आणि रेकॉर्डर टीव्हीशेजारी न ठेवता कुलपात, पण हवा खेळती राहील अशा जागी ठेवावा. क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर होणाऱ्या साठवणीचा, खरा फायदा एवढाच की घटनेची प्रत घराबाहेर राहते. म्हणून रेकॉर्डर घरात आणि फक्त मुख्य दारापुरती क्लाउड वर्गणी, ही तडजोड आम्हाला सर्वांत समंजस वाटते.

१२. एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला चालतो का?

दोन्हींत ऑनव्हिफ (निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे जोडणारे सामाईक मानक) असेल तर चित्र आणि रेकॉर्डिंग सहसा चालते, मात्र माणूस-वाहन ओळखण्यासारख्या खास सोयी चालतीलच असे नाही. ऑनव्हिफ किंवा आरटीएसपी (थेट चित्र इतर उपकरणांना पाठवण्याची प्रमाणित पद्धत) नसलेला कॅमेरा कंपनीच्या ॲपशी कायमचा बांधलेला राहतो. ॲप बंद झाले की कॅमेराही निकामी होतो.

१३. वीज किंवा इंटरनेट गेल्यावर काय होते?

इंटरनेट गेले तर रेकॉर्डर किंवा कार्डावरचे चित्रीकरण चालू राहते, केवळ मोबाइलवर सूचना येत नाहीत. निव्वळ क्लाउडवर विसंबणारा कॅमेरा मात्र आंधळा होतो. वीज गेल्यास रेकॉर्डर, पीओई स्विच (कॅमेऱ्यांच्या केबल एकत्र जोडून त्यांना वीज देणारी पेटी) आणि राउटर या तिन्हींना यूपीएसचा आधार हवा. पीओईचा हाही फायदा आहे की एकाच यूपीएसवर सगळे कॅमेरे चालतात.

१४. स्वस्त कॅमेरा हॅक होतो, हे खरे आहे का?

धोका खरा आहे आणि तो बराचसा आपल्या हातात आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने (घातक प्रोग्रॅमने) कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने संकेतस्थळांची नावे त्यांच्या इंटरनेट-पत्त्यांशी जोडून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला केल्याने अनेक मोठी संकेतस्थळे काही तास कोलमडली.

मूळ पासवर्ड बदलावा, तो इतर कोठेही वापरू नये, द्विस्तरीय पडताळणी चालू करावी आणि फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवावे. कॅमेरे राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे घरातल्या इतर उपकरणांपासून वेगळ्या जोडणीवर, टाकावेत. बाहेरून पाहता यावे म्हणून बसवणारा माणूस राउटरचे पोर्ट (बाहेरून थेट आत येण्याची वाट) उघडून देत असेल तर त्याला नकार द्यावा. त्याऐवजी व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित खासगी जोडणी) किंवा उत्पादकाची अधिकृत जोडणी वापरावी. बसवणाऱ्याने स्वतःच्या ई-मेलवर खाते काढले असेल तर मालकी त्याच्याकडे राहते, त्यामुळे खाते स्वतःच काढावे. शयनगृहात कॅमेरा लावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१५. दिवसभर खोट्या सूचना येतात. काय करावे?

केवळ पिक्सेल बदलल्याने सूचना देणारा कॅमेरा झाडाची सावली, पाऊस आणि मांजर यांत फरक करत नाही. रस्ता आणि झाडे वगळून फक्त दारासमोरचा चौकोन आखावा आणि शक्य असेल तर माणूस ओळखणारा कॅमेरा घ्यावा. पैसे मोजावेत अशा थोड्या सोयींपैकी ही एक आहे, कारण कंटाळून सूचनाच बंद करून ठेवलेल्या कॅमेऱ्याचा निम्मा उपयोग संपलेला असतो. रात्रीच्याच सूचना असतील तर प्रश्न ८ मधला कोळी आठवावा.

१६. खिडकीच्या काचेआडून बाहेर पाहणारा कॅमेरा चालेल का?

दिवसा चालेल. रात्री इन्फ्रारेड दिव्यांचा प्रकाश काचेवरून परतून चित्र पांढरे होते. ते दिवे बंद करून बाहेर दिवा लावला आणि लेन्स काचेला अगदी चिकटवली तर काम भागते. पीआयआर संवेदक मात्र काचेपलीकडची उष्णता टिपू शकत नाही, त्यामुळे बॅटरीचा कॅमेरा येथे निरुपयोगी आहे.

१७. चार स्थिर कॅमेऱ्यांऐवजी एकच फिरणारा कॅमेरा घेतला तर?

फिरणारा कॅमेरा एका वेळी एकाच दिशेला पाहतो, आणि नको तेव्हा नको तिकडे पाहतो. घरातील वृद्धांवर किंवा पाळीव प्राण्यांवर लक्ष ठेवायला तो सोयीचा आहे. दाराच्या राखणीसाठी नाही.

१८. घर भाड्याचे आहे, भिंतीला भोके पाडता येत नाहीत. पर्याय काय?

दाराच्या दुर्बिणीच्या छिद्रात बसणारा कॅमेरा, आतील कपाटावरून दाराकडे तोंड करून ठेवलेला वायफाय कॅमेरा किंवा चौकटीला पकडणारा स्टँड यांवर भागते. आत शिरणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यासमोर अगदी जवळ येत असल्याने, दाराकडे पाहणारा घरातला साधा कॅमेराही बाहेरच्या महाग कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी चित्र देऊन जातो.

१९. जुना मोबाइल कॅमेरा म्हणून वापरता येईल का?

थोड्या दिवसांसाठी येईल. पण सतत चार्जिंगला ठेवलेल्या जुन्या फोनची बॅटरी तापून फुगू शकते, आणि रात्री त्याला काही दिसत नाही. घर बंद ठेवून जाताना तर असा फोन चार्जरला लावून जाऊच नये.

२०. माझ्या कॅमेऱ्यात शेजाऱ्यांचे दार आणि रस्ता येतो. चालेल का?

याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, आणि आवाजाच्या रेकॉर्डिंगबाबत ते बहुधा अधिक कडक असतात. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मधील रिनेश प्रकरणात असे ठरवले की घरातून सार्वजनिक जागेचे चित्रीकरण करणे ही निव्वळ घरगुती बाब नाही, त्यामुळे तिला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम लागू होतात. नियम काहीही असला तरी कॅमेरा वळवून किंवा ‘प्रायव्हसी मास्क’ (चित्राचा ठरावीक भाग काळा करणारी सेटिंग) लावून शेजाऱ्यांचे दार झाकावे, आवाज गरज नसल्यास बंद ठेवावा आणि घरात काम करणाऱ्यांना कॅमेरा असल्याचे आधी सांगावे.

२१. वापरलेला कॅमेरा किंवा रेकॉर्डर घ्यावा का?

पीओई कॅमेरा आणि स्विच चालतील. वापरलेली हार्ड डिस्क आणि बॅटरीचा कॅमेरा घेऊ नये. वायफाय कॅमेरा आधीच्या मालकाच्या खात्यातून काढलेला आहे का, हे त्याच्यासमोरच आपल्या खात्यात जोडून पाहावे. नुसते रीसेट करून तो नेहमी सुटत नाही. फर्मवेअर अजून मिळते का, तेही तपासावे.

२२. घटना घडली आहे. फुटेज कसे काढून ठेवावे?

लगेच काढावे, कारण डिस्क भरली की रेकॉर्डर जुने चित्रीकरण पुसून त्यावर नवे लिहितो. घटनेच्या आधीचा आणि नंतरचा काही वेळही सोबत घ्यावा. मोबाइलने पडद्याचे चित्रीकरण करू नये. रेकॉर्डरमधून मूळ फाइल उतरवावी आणि ती उघडण्यासाठी उत्पादकाचा प्लेअर लागत असेल तर तोही त्याच पेनड्राइव्हवर ठेवावा. रेकॉर्डरचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे किंवा मागे आहे ते पाहून लिहून ठेवावे. एका प्रतीला हात न लावता बाजूला ठेवावे आणि पोलिसांना दुसरी द्यावी.